खासगी तलाव, शेजाऱ्यांचे जीव : लहान धरणांच्या सुरक्षिततेचा दुर्लक्षित प्रश्न

धरणांच्या सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे बहुधा मोठ्या प्रकल्पांपुरतीच होते. मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा, अकोल्याची तहान भागविणारे महानचे काटेपूर्णा, सातपुड्याच्या कुशीतील वान, या धरणांत किती टक्के साठा झाला आणि किती दरवाजे उघडले, याच्या बातम्या पावसाळ्यात रोज वाचावयास मिळतात. या प्रकल्पांवर अभियंते आहेत, नोंदवह्या आहेत, इशारा देण्याची व्यवस्था आहे. परंतु त्यांच्या पलीकडे लहान जलाशयांचे एक जग पसरलेले आहे आणि त्याची बातमी बहुधा ते फुटल्यावरच होते. कोठे शेतघराच्या मालकाने नाल्यावर पाळ घालून पाणी अडविलेले असते, कोठे पर्यटकांच्या नौकाविहारासाठी तळे केलेले असते, तर कोठे एखाद्या संस्थेच्या आवारातील जुना बांध, ज्या कामासाठी घातला ते काम संपल्यावरही, केवळ शोभेसाठी राखलेला असतो.

राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. शेतीला जोडधंदा मिळावा, शहरातील कुटुंबांनी गावाकडे यावे, हा त्याचा हेतू स्वागतार्हच आहे. वऱ्हाडसारख्या कोरडवाहू मुलखात पाण्याचे आकर्षण मोठे. चार झाडे आणि एक तळे असले की पाहुणे येतात. चिखलदऱ्याला जाणाऱ्या प्रवाशाला शक्कर तलावाचा काठ जसा हवासा वाटतो, तसाच काठ आपल्याही जागेत असावा असे कोणाही मालकास वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, त्या तळ्याच्या पाळीखाली कोण राहते, आणि ती पाळ धड आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? पावसाळ्यापूर्वी या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आकाराने लहान, भाराने मोठे

लहान तलाव म्हटला की धोकाही लहान, असा आपला समज असतो. थोडे गणित केले तर तो टिकत नाही. दोन हेक्टर पसरलेला आणि सरासरी अडीच मीटर खोल असा तलाव घेऊ. त्यात ५० हजार घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर पाणी मावते. त्याचे वजन ५० हजार टन. दहा हजार लिटरच्या टँकरने हे पाणी वाहून न्यावयाचे झाल्यास पाच हजार खेपा लागतील. पाळ फुटली तर हेच पाणी अर्ध्यापाऊण तासात, वाटेतील माती, दगड आणि झाडे घेऊन, नाल्याच्या अरुंद पात्रातून धावत सुटते. नाल्याकाठच्या दहा झोपड्यांना ते पाणी शासकीय धरणाचे होते की खासगी तळ्याचे, याने काही फरक पडत नाही.

वऱ्हाडातील नाले वर्षातील बहुतेक महिने कोरडे असतात. त्यामुळे पात्रालगतची जागा मोकळी आणि स्वस्त वाटते, आणि ज्यांना अन्यत्र जागा मिळत नाही तीच माणसे तेथे घर बांधतात. २०२१ च्या जुलैत मोर्णेच्या पुराने अकोला शहरातील वस्त्या पाण्याखाली गेल्या. २०२३ च्या जुलैत तेल्हारा आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यांतील गावांना पुराने वेढले. कोरड्या मुलखातही एका रात्रीत केवढा पाऊस कोसळू शकतो, हे या दोन वर्षांनी दाखवून दिले. मेळघाटाच्या डोंगरावर तर सखल वऱ्हाडाच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो, आणि तेथून सुटलेले पाणी तीव्र उतारामुळे फार लवकर खाली पोहोचते.

मातीची पाळ बहुधा तीन प्रकारे निकामी होते. पहिला प्रकार पाणी पाळीवरून वाहण्याचा. जादा पाणी बाहेर नेणारा सांडवा अपुरा असेल किंवा तुंबला असेल, तर पाणी पाळीच्या माथ्यावरून वाहू लागते आणि मातीचा भराव काही वेळातच कापून काढते. दुसरा प्रकार आतून पोखरले जाण्याचा. भरावातून थोडा पाझर असतोच. परंतु तो मातीचे कण वाहून नेऊ लागला की आत बारीक नळी तयार होते, ती मागे मागे सरकत जाते, आणि एके दिवशी पाळीला खांड पडते. तिसरा प्रकार उतार घसरण्याचा. भराव फार उभा असेल आणि पाण्याने पूर्ण भिजला असेल, तर त्याचा मोठा भाग एकदम खाली येतो.

आपल्या प्रदेशात या सर्वांत मातीच्या स्वभावाची भर पडते. काळी कसदार माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपण सर्व जाणतो. याच मातीच्या पाळीलाही अशाच भेगा पडतात, आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या भेगांतून आत शिरते. म्हणून जाणकार अभियंता काळी माती भरावाच्या पोटात, मुरुमाच्या आवरणाखाली ठेवतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. तेथील चिकणमातीत सोडियमचे प्रमाण अधिक असते आणि अशी माती पावसाच्या गोड पाण्यात दुधासारखी पसरून जाते. याची साधी परीक्षा कोणालाही करता येते. साठवून ठेवलेल्या पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात त्या मातीचे लहानसे ढेकूळ न ढवळता सोडावे. थोड्या वेळाने ढेकळाभोवती गढूळ ढग पसरला आणि तो तसाच तरंगत राहिला, तर त्या मातीच्या पाळीवर तज्ज्ञाच्या सल्ल्याविना विसंबू नये.

करमणुकीच्या तलावाची वेगळी दुखणी

सिंचनाचा तलाव आणि करमणुकीचा तलाव यांत एक महत्त्वाचा फरक आहे, तो सहसा लक्षात येत नाही. सिंचनाच्या तलावातील पाणी दरवर्षी उपसले जाते. उन्हाळ्यात पातळी खाली जाते, पाळीची आतली बाजू उघडी पडते, तिचे दगडी अस्तर आणि पाणी सोडण्याची मोरी डोळ्यांनी पाहता येते. करमणुकीचा तलाव मात्र बारमाही भरलेला ठेवण्याकडे मालकाचा कल असतो, कारण अर्धा रिकामा तलाव पाहुण्यांना आवडत नाही. परिणामी आतली बाजू वर्षानुवर्षे कोणी पाहतच नाही. आणि एखाद्या रात्री अतिवृष्टी झाली, तर तो पूर सामावून घेण्यास तलावात रिकामी जागाच उरलेली नसते.

शोभेसाठी केलेल्या गोष्टीही पुष्कळदा पाळीच्या मुळावर येतात. पातळी वीतभर वाढावी म्हणून सांडव्यावर फळ्या बसविल्या जातात. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावली जाते, आणि पुरात आलेला पालापाचोळा त्या जाळीत अडकून सांडवा बंद होतो. सावलीसाठी पाळीवर झाडे लावली जातात. त्यांची मुळे भरावात खोल जातात, आणि झाड मेल्यावर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. फिरावयास रस्ता हवा म्हणून पाळीचा माथा खाली घेतला जातो. दिव्यांच्या तारांसाठी तिच्यात चर खणले जातात. यांतील प्रत्येक गोष्ट करणारा मनुष्य सद्हेतूनेच ती करीत असतो. पाळ ही बाग नसून पाण्याला रोखणारी भिंत आहे, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

अशा निष्काळजीपणाचे जगातील सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातले आहे. तेथील साउथ फोर्क धरण मुळात कालव्याला पाणी पुरविण्यासाठी बांधले होते. पुढे ते खासगी हातांत गेले आणि १८७९ नंतर श्रीमंतांच्या मासेमारी व शिकार मंडळाचे विहारस्थान झाले. पाणी सोडण्याच्या लोखंडी नळ्या आधीच्या मालकाने काढून विकल्या होत्या. त्या पुन्हा बसविल्या गेल्या नाहीत. दोन घोडागाड्या एकमेकींशेजारून जाव्यात म्हणून माथा खाली घेतला गेला आणि सांडव्यावर मासे अडविणाऱ्या जाळ्या आल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत धरण फुटले आणि सुमारे २२ किलोमीटर खाली असलेले जॉन्सटाउन शहर उद्ध्वस्त झाले. २,२०९ माणसे मरण पावली. तलावाचा आनंद घेणारे आणि त्याच्या पाण्यात बुडालेले लोक निरनिराळे होते. न्यायालयात मंडळावर दायित्व कधीच निश्चित झाले नाही.

टोकोआ फॉल्सची रात्र

ख्रिस्ती वाचकांना अधिक जवळची वाटावी अशी घटना अमेरिकेच्याच जॉर्जिया राज्यात घडली. टोकोआ फॉल्स येथील बायबल महाविद्यालयाच्या मालकीचे केली बार्न्स नावाचे एक लहान मातीचे धरण होते. १८९९ च्या सुमारास लाकूड-दगडाचा बांध म्हणून त्याची सुरुवात झाली; पुढे वीजनिर्मितीसाठी त्यावर मातीचा भराव घालून उंची वाढविण्यात आली. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली आणि त्यानंतर तलाव केवळ विरंगुळ्यासाठी उरला. ज्या कामासाठी धरण बांधले ते संपले, पण धरण पाणी अडवीत राहिले.

६ नोव्हेंबर १९७७, रविवारची पहाटही उजाडली नव्हती. काही दिवस सतत पाऊस पडत होता. रात्री दीडच्या सुमारास धरण फुटले आणि पाणी धबधब्यावरून खाली, महाविद्यालयाच्या आवारातील घरांवर आदळले. ३९ जण मृत्युमुखी पडले, त्यांत लहान मुलेही होती. चौकशीत एकच एक कारण निश्चित करता आले नाही. उभ्या उताराचे घसरणे, आतला पाझर, जुनी गाडलेली नळी, अशा अनेक शक्यता नोंदविल्या गेल्या.

या घटनेतील दोन गोष्टी मनन करण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, येथे मालक लोभी नव्हता. ती प्रार्थना करणारी, विद्यार्थ्यांना वचनाचे शिक्षण देणारी संस्था होती आणि तिचीच माणसे गेली. सद्हेतू हा पाळीचा आधार होऊ शकत नाही. दुसरे असे की, अशा धरणांच्या तपासणीचा कायदा अमेरिकेत १९७२ पासूनच होता, पण त्याच्या अंमलासाठी निधी दिला गेला नव्हता. दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी, जे स्वतः जॉर्जियाचेच होते, धोकादायक ठरू शकणाऱ्या बिगर-केंद्रीय धरणांची तपासणी सुरू करविली. तेथे आता धरणाची वर्गवारी करताना त्याच्या खाली किती जीव धोक्यात आहेत, हे पाहिले जाते. लहान बांधाखाली वस्ती असेल तर तो बांध वरच्या धोक्याच्या वर्गात मोडतो.

आपल्या राज्यातील अनुभव

महाराष्ट्राला धरणफुटीचा अनुभव नवा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्याने जे पाहिले ते आजही विसरले गेलेले नाही. परंतु लहान धरणांच्या संदर्भात अधिक बोलकी घटना रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातल्या तिवरे गावची आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तेथील मातीचे धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. ते धरण शासकीय होते आणि फार जुनेही नव्हते. गळती होत असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. दुर्घटनेनंतर त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले, तेव्हा राज्यभर संताप उसळला. खेकडे, घुशी आणि साळिंदरे भराव पोखरतात हे खरे. म्हणूनच तर दरवर्षी पाळ पायी फिरून पाहावी लागते. बिळे शोधून ती बुजविणे हे माणसाचे काम होय.

शासकीय धरणाची ही अवस्था असेल तर खासगी धरणांचे काय? येथे घाईने निष्कर्ष काढू नये. लोणावळा-मुळशी परिसरातील टाटांची जलविद्युत धरणे शंभर वर्षांपासून खासगी मालकीची आहेत आणि त्यांच्या देखभालीसाठी अभियंत्यांची स्वतंत्र यंत्रणा आहे. खासगी मालकी म्हणजे बेपर्वाई, असे समीकरण मांडणे अन्यायाचे ठरेल. खरा प्रश्न मालकाजवळ यंत्रणा, पैसा आणि सातत्य आहे काय, हा आहे.

त्या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील लवासाचे उदाहरण विचारात घ्यावे लागते. वरसगाव धरणाच्या पाणलोटात, मोसे खोऱ्यात, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या पुढाकाराने हे डोंगरी शहर उभे राहू लागले. त्यातील दासवे हे पहिले नगर बांध घालून केलेल्या तलावाभोवती वसविले गेले. काठावरचा रस्ता, उपाहारगृहे, निवास, सर्व काही त्या पाण्याच्या शोभेवर आधारलेले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला कारणे दाखवा नोटीस बजावली. वर्षभराने अटींसह मंजुरी मिळाली. परंतु २०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि नव्या मालकाच्या योजनेला न्यायाधिकरणाची मंजुरी मिळेपर्यंत २०२३ चा जुलै उजाडला. त्या बांधाच्या अवस्थेविषयी येथे कोणताही आक्षेप घ्यावयाचा नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे. कंपनीचे आर्थिक व्यवहार थांबू शकतात, पाण्याचा दाब थांबत नाही. घर, दुकान किंवा कारखाना टाळे लावून बंद करता येतो. भरलेला तलाव बंद करता येत नाही. म्हणून जो कोणी पाणी अडवितो, त्याने आपल्या पश्चात त्या पाळीची काळजी कोण घेणार, आणि तलाव नकोसा झाल्यास तो सुरक्षितपणे रिकामा कसा करणार, याची तरतूद पहिल्याच दिवशी केली पाहिजे.

करमणुकीच्या धरणाचा दुसरा धोका स्वतः पर्यटकांना असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुले होती. ते धरण रेल्वेने आपल्या इंजिनांसाठी बांधलेले. सहलीचे स्थळ ते पुढे झाले. अशा ठिकाणी पाणी वाढण्याची सूचना देणारा कोणी नसतो आणि पर्यटक परक्या प्रदेशातला असल्याने त्यास पाण्याची चाहूल लागत नाही.

कायदा कोठे थांबतो

केंद्राचा धरण सुरक्षितता कायदा संसदेने २०२१ साली संमत केला आणि त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरपासून तो अमलात आला. धरणाचा मालक, मग तो शासन असो वा खासगी, त्याने पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करावी, देखभालीसाठी निधी राखावा, आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवावा, अशी बंधने त्यात आहेत. दुर्लक्षामुळे जीवितहानी झाल्यास कारावासाचीही तरतूद आहे. देशातील मोठ्या धरणांपैकी दोन हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात असल्याने हा कायदा आपणास विशेष महत्त्वाचा आहे. नाशिक येथील राज्याची धरण सुरक्षितता संघटना तर या कायद्याच्या कितीतरी आधीपासून काम करीत आहे.

मात्र या तपशीलवार व्यवस्थेला आकाराची मर्यादा आहे. ती मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणे तिच्यात येतात, पण लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर किंवा यांसारखा एखादा निकष पूर्ण झाला तरच. आपण वर ज्याचे गणित केले तो ५० हजार घनमीटरचा तलाव या चौकटीबाहेर राहतो. त्याची जबाबदारी व्यवहारात मालकाच्या विवेकावर आणि स्थानिक प्रशासनाच्या जागरूकतेवर येऊन पडते.

तरीही नागरिक अगदीच निराधार नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते, कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतो; कोसळण्याच्या बेतात असलेले बांधकाम दुरुस्त करविणे किंवा सार्वजनिक जागेलगतच्या तलावास व विहिरीस कुंपण घालावयास लावणे यांचा त्यात समावेश आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. त्यांच्याकडे लेखी अर्ज करता येतो.

नुकसानभरपाईच्या कायद्याचा इतिहासही उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या खासगी तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. उमराव सभेने १८६८ साली निर्णय दिला की, निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर साठवितो, तो स्वतःची चूक नसतानाही नुकसानीस जबाबदार असतो. पुढे मद्रास इलाख्यातील एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा १८७४ च्या निर्णयात प्रिव्ही कौन्सिलने हा कठोर नियम त्यास लावला नाही. कारण ते तलाव शेतीसाठी, लोकांच्या निर्वाहासाठी होते आणि ते राखणे हे जमीनदाराचे परंपरागत कर्तव्य होते. या सवलतीमागील युक्तिवाद नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. सवलत लोकांच्या गरजेमुळे मिळाली होती. केवळ विहारासाठी पाणी अडविणाऱ्या मालकाला त्या गरजेचा आधार घेता येणार नाही. जेथे लाभ एकट्याचा, तेथे दक्षताही अधिक असली पाहिजे, हे न्यायबुद्धीला पटण्यासारखे आहे.

पवित्र शास्त्राचा निकष

कायदा जेथे थांबतो तेथे श्रद्धावंताचे कर्तव्य थांबत नाही. जुन्या करारात या विषयाशी थेट जुळणारे दोन नियम आढळतात. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, जेणेकरून कोणी पडून मेल्यास त्या रक्तपाताचा दोष घरावर येऊ नये. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात उघड्या ठेवलेल्या खड्ड्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी असे सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी धाबे अथवा खड्डा असणे हा दोष मानलेला नाही. आपल्या मालमत्तेमुळे दुसऱ्यास अपाय होऊ शकतो हे ठाऊक असूनही त्याची तजवीज न करणे, हा दोष मानला आहे.

शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण मरण पावले, त्याचा उल्लेख प्रभू येशूने केल्याचे लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात आपण वाचतो. ते अठरा जण इतरांहून अधिक पापी होते काय, असे विचारून प्रभूने तो समज नाकारला आणि ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचे आवाहन केले. दुर्घटनेत मेलेल्यांचे दैव खोटे होते असे म्हणून मोकळे होण्याची वाट ख्रिस्ती माणसाला उरलेली नाही. जे वाचले, त्यांनी आपले वर्तन सुधारावे, हा त्या उताऱ्याचा रोख आहे.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीनेही हेच सूत्र पुढे नेले आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात खासगी मालमत्तेवर एक प्रकारचे सामाजिक गहाण असते, असा विचार मांडला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या विश्वपत्रात सृष्टीची हानी आणि गरिबांचे दुःख या दोन्हींचा एकत्र विचार करण्यास शिकविले. नाल्याच्या वरच्या अंगाला विहाराचा तलाव आणि खालच्या अंगाला मजुरांच्या झोपड्या, हे चित्र त्या शिकवणुकीच्या प्रकाशात पाहिले म्हणजे आपले कर्तव्य काय, हे सांगण्यास वेगळ्या प्रवचनाची गरज राहत नाही.

धर्मग्रामांनी काय करावे

वऱ्हाडात पाणी अडविणे हे पुण्यकर्मच आहे. शेततळी, बंधारे आणि तलाव यांमुळे अनेक कुटुंबे तगली. म्हणून तळी बुजवा असे कोणी सुचविणार नाही; ती सांभाळली जावीत एवढीच अपेक्षा आहे. आपल्या धर्मप्रांतातही शाळा, वसतिगृहे, शेती आणि मिशन केंद्रांच्या आवारांत विहिरी, तळी किंवा जुने बांध असतात. सुधारणेची सुरुवात आपल्या आवारापासून व्हावी.

मे महिन्यात पाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी फिरून पाहावी; भेगा, बिळे, खचलेला माथा आणि पाळीवरील झुडपे यांची तारखेसह नोंद करावी. पाळीवर वाढलेले मोठे झाड मात्र अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय मुळासकट उपटू नये, कारण त्याने अधिक मोठे भगदाड पडते. सांडवा पूर्ण मोकळा असावा. त्यावरील फळ्या व जाळ्या पावसापूर्वी काढाव्यात. पावसाळ्यात पाळीच्या पायथ्याशी पाझर दिसल्यास त्याचे पाणी बाटलीत धरून पाहावे. स्वच्छ पाणी असल्यास लक्ष ठेवावे. गढूळ पाणी येत असल्यास आत माती वाहू लागली आहे असे समजून तत्काळ खालच्या वस्तीस सावध करावे, तहसील कार्यालयास कळवावे आणि पातळी सावकाश उतरवावी. खालच्या नाल्याकाठी कोणती घरे आहेत, त्यांचे दूरध्वनी क्रमांक कोणते, रात्री त्यांना कोण उठविणार, हे कागदावर लिहून ठेवावे. तलावावर येणाऱ्यांसाठी खोलीचा फलक, कुंपण आणि जीवरक्षक जाकिटे असावीत.

जेथे तलाव दुसऱ्याच्या मालकीचा आहे तेथे लघु ख्रिस्ती समूहांनी आणि युवा मंडळांनी आधी मालकाला सौजन्याने भेटावे. बहुतेक मालक ऐकतात. अनेकांना धोक्याची कल्पनाच नसते. उपयोग न झाल्यास ग्रामसभेत विषय मांडावा, तलाठ्यांमार्फत तहसीलदारांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. तिवऱ्यातील लोकांनी तक्रार केली होती, तरी ती वेळेत ऐकली गेली नाही. यास्तव एका अर्जावर न थांबता पाठपुरावा करावा लागतो, आणि तो केवळ आपल्या समाजापुरता नसावा. नाल्याकाठचे कोरकू कुटुंब असो वा शहराबाहेरच्या पालातले मजूर, पूर कोणाचा धर्म विचारून येत नाही.

पावसाळा सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी मिस्सा झाल्यावर प्रत्येक धर्मग्रामातील चार जाणत्या माणसांनी एकत्र यावे आणि आपल्या परिसरातील तळी, बांध व विहिरी यांची यादी करावी. प्रत्येक नावापुढे मालक कोण, पाळ शेवटची कोणी व केव्हा पाहिली आणि खाली किती घरे आहेत, या तीन गोष्टी लिहाव्यात. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, तेथे प्रथम जावे. आपल्या हाती सोपविलेल्या पाण्याचे आणि शेजाऱ्यांच्या जीवांचे रक्षण करण्याची सुबुद्धी दयाळू परमेश्वर आपणा सर्वांस देवो.